लाकूड फोडायच्या मशीनबद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात लाकूड फोडायच्या मशीनवर, म्हणजे लॉग स्प्लिटरवर, चारच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : काका, मशीन घ्यायचं चाललंय. एक इलेक्ट्रिक आहे सात टनी, दुसरं पेट्रोलवर चालणारं, त्यावर तीस टन लिहिलंय. आमचे ओंडके बहुतेक फूटभर जाडीचे, क्वचित एखादा दोन फुटी. जास्त टन म्हणजे जास्त चांगलं एवढंच कळतं. कुठलं घेऊ?

आधी तो टनाचा आकडा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. हायड्रॉलिक मशीनचा जोर म्हणजे ऑइलचा दाब गुणिले पिस्टनच्या तोंडाचं क्षेत्रफळ, बस, यात तिसरं काही नाही. सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, १०० मिमी असेल तर क्षेत्रफळ होतं साधारण ७८.५ चौरस सेंमी, आणि पंप २०० बार दाब देत असेल तर जोर येतो १६ टन. बोअर ६३ मिमी असेल तर त्याच दाबाला सहा-साडेसहा टन. आणि २०० बारला खरोखरचे ३० टन काढायचे तर बोअर जवळजवळ १३७ मिमी पाहिजे. त्यामुळे स्टिकरवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, बोअर किती आणि जास्तीत जास्त दाब किती, आणि तिथेच मोबाइलवर गुणाकार करा. आकडा जुळत नसेल तर बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरं म्हणजे लाकूड काही दगडासारखं फुटत नाही. आत सगळ्या बारीक पोकळ नळ्या असतात, खोडाच्या लांबीने उभ्या, एकमेकींना चिकटलेल्या, त्या नळ्या आडव्या तोडायला प्रचंड जोर लागतो पण एकमेकींपासून सोडवायला त्याच्या मानाने फारच कमी. पाचर लाकडाला कापत नाही, ती फक्त तोंड उघडते, मग चीर पाचरीच्या पुढे पुढे आपसूक पळते. या नळ्या ज्या दिशेने जातात त्याच लाकडाच्या रेषा. म्हणून सरळ रेषांचा, गाठ नसलेला फूटभर जाडीचा ओंडका सात टनी मशीन आरामात फोडतं, आणि एखादा वीतभर जाडीचा पण गाठींनी भरलेला तुकडा त्याच मशीनला घाम फोडतो. टन किती लागतील हे जाडीपेक्षा रेषांवर ठरतं.

वेगाचंही बघा. मोठा सिलिंडर भरायला जास्त ऑइल लागतं, म्हणजे पंप तोच असेल तर मोठ्या बोअरचं मशीन हळू चालणार. बऱ्याच मशीनना दोन टप्प्यांचा पंप असतो, लाकडाला टेकेपर्यंत ऑइल भरपूर आणि दाब कमी म्हणजे पिस्टन झटकन पुढे येतो, मग अडथळा आला की साधारण ४० बारच्या आसपास तो दुसऱ्या टप्प्यावर जातो, ऑइल कमी पण दाब पूर्ण. इंजिनचा आवाज जड होतो आणि पिस्टन मंदावतो तो हाच क्षण, मशीन बिघडलं म्हणून लगेच घाबरू नका.

मी तुमच्या जागी असतो तर टनांपेक्षा मशीन उभं होतं का ते बघितलं असतं. दोन फूट जाडीचा आणि ४० सेंमी लांबीचा ओला ओंडका सहज १०० किलोच्या वर जातो हो, तो आडव्या मशीनवर कमरेएवढा उचलणार कोण? उभ्या मशीनमध्ये तो नुसता लोळवत पायाच्या प्लेटवर आणायचा. फूटभर जाडीचंच काम जास्त असेल तर सात-आठ टनी उभं इलेक्ट्रिक तुम्हाला पुरेल, तो क्वचितचा दोन फुटी ओंडका मधोमध न फोडता कडेकडेने सोलत जायचा, त्याचं पुढे एका उत्तरात सांगतोय.

प्रश्न : मी लिव्हर धरतो आणि माझा मुलगा (वय १६) ओंडके ठेवतो, त्यामुळे काम दुप्पट वेगाने होतं. पण मशीनच्या पुस्तकात एकाच माणसाने चालवा असं लिहिलंय. एवढं काटेकोर राहायची खरंच गरज आहे का?

आहे. आणि हे उत्तर मी जरा लांब लिहिणार आहे, कृपा करून पूर्ण वाचा.

खूप वर्षांपूर्वी आम्ही दोघे भाऊ असंच काम करत होतो, भाड्याने आणलेलं पेट्रोलवालं मशीन, लिव्हर माझ्याकडे आणि ओंडके ठेवायला धाकटा. सकाळपासून चाललं होतं, हाताला लय बसली होती, तो ठेवायचा, हात काढायचा, मान हलवायचा, मी लिव्हर दाबायचो. दुपारी एक ओंडका तिरका बसला, कापताना टोक सरळ आलं नव्हतं, त्याने तो ठेवला, मान हलली आणि तेवढ्यात ओंडका कलंडतोय असं दिसल्यावर त्याने सरळ करायला परत हात घातला. मी मान बघितली होती, हात नाही बघितला. डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. पिस्टन काही वेगात नव्हता, हळूच येत होता, आणि तरीही मी लिव्हर सोडेपर्यंत उशीर झाला होता.

त्या दिवशी आम्ही दोघेही बेफिकीर नव्हतो हे मला मुद्दाम सांगायचंय. अडचण बेफिकिरीची नाही, अडचण ही आहे की लिव्हर एका डोक्याच्या ताब्यात आणि बोटं दुसऱ्या डोक्याच्या. एकच माणूस ठेवणारा आणि तोच दाबणारा असेल तर त्याचा हात ओंडक्यावर असताना तो लिव्हर दाबणारच नाही, कारण कुठे काय आहे ते त्याच्या अंगाला कळत असतं. युरोपातल्या ईएन ६०९-१ या मानकात पाचरीच्या मशीनला दोन्ही हातांनी धरून ठेवायचा कंट्रोल सांगितलाय तो याचसाठी, दोन्ही हात कंट्रोलवर असतील तरच पिस्टन चालतो, एक सुटला की थांबतो. पण ती सगळी योजना एकट्या माणसाला वाचवते. दुसरा माणूस तिथे हात घालणार असेल तर त्याच्या हातांसाठी मशीनमध्ये काहीच सोय नाही. आणि काही जण एका बाजूचा कंट्रोल तारेने किंवा दोरीने बांधून टाकतात, एक हात मोकळा राहावा म्हणून, तसं तुमच्याकडे असेल तर आत्ता जाऊन सोडा.

मुलाला कामातून काढा असं नाही म्हणत. ओंडके आणून तुमच्या हाताशी ठेवणं आणि फोडलेलं उचलून थप्पी लावणं ही दोन्ही कामं त्याची, आणि पिस्टन हलत असेल तेव्हा त्याने निदान तीन-चार मीटर लांब राहायचं, कारण गाठीचं लाकूड कधीकधी फटकन उडतं. अनुभवाने सांगतो, वेगही फारसा कमी होत नाही, कारण खरा वेळ फोडण्यात जातच नाही, तो वाहण्यात आणि रचण्यात जातो. सोळाव्या वर्षी त्याच्या हातात लिव्हर मात्र देऊ नका, बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात १८ ची अट असते.

आणि ओंडक्याची दोन्ही टोकं काटकोनात कापा. आमचा ओंडका कलंडला तो तिरक्या टोकामुळेच.

प्रश्न : छोटं इलेक्ट्रिक मशीन आहे, दोन सीझन छान चाललं. आता पिस्टन झटके देत पुढे जातो, आणि गेल्या आठवड्यात पुढच्या बाजूने ऑइल गळायला लागलं. मोटर गेली का?

मोटर बहुधा ठीक आहे, माझा संशय हवेवर आहे. या छोट्या आडव्या मशीनना ऑइलच्या टाकीवर एक हवा सोडायचा स्क्रू असतो, काम सुरू करताना तो दोन-तीन आटे सैल करायचा आणि काम संपलं की मशीन हलवायच्या आधी घट्ट करायचा. बरेच लोक तो घट्टच ठेवून मशीन चालवतात. मग काय होतं, पिस्टन पुढे-मागे गेला की टाकीतलं ऑइल कमी-जास्त होतं, वरच्या हवेला जा-ये करायला वाट नाही, ती तिथेच दाबली जाते आणि ताणली जाते, आणि शेवटी सगळ्यात कमकुवत जागा फुटते म्हणजे सील. तुमचं वर्णन वाचून मला हेच झालेलं दिसतंय. सील किट बदलून घ्या, ऑइलची पातळी बघा, स्क्रू सैल करून लाकूड न ठेवता पाच-सहा वेळा पिस्टन पूर्ण पुढे-मागे न्या म्हणजे आत अडकलेली हवा निघेल. ऑइल दुधासारखं पांढरट दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय, ते सगळं काढून नवीन भरा, कुठल्या नंबरचं ते पुस्तकात दिलेलं असतं, गरम हवेत बहुतेक ठिकाणी ४६ नंबरचं चालतं.

जोर कमी वाटत असेल तर आणखी एक तपासा, एक्स्टेन्शनची वायर. २२०० वॅटची मोटर २३० व्होल्टला साडेनऊ अँपियरच्या आसपास करंट ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी जास्त. पातळ आणि लांब वायरमधून व्होल्टेज पडतं, मोटर कण्हत चालते आणि तापून जळते. निदान २.५ चौरस मिमीची वायर घ्या, रीळवर असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. आणि लाकूड फुटत नसेल तर पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका, सोडा, ओंडका फिरवा, दुसऱ्या जागी लावा.

प्रश्न : पेट्रोलच्या मशीनच्या होजपाइपमधून बारीक धार उडते असं वाटतंय, पण नक्की कुठून ते दिसत नाही. हात फिरवून शोधलं तर चालेल?

नाही, अजिबात नाही. १५०-२०० बारला सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल कातडीच्या आत घुसतं, ग्लोव्ह घातलेला असला तरी. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो, आणि आत मात्र ऑइल बोटाच्या कप्प्यांमधून पसरत गेलेलं असतं. ही तासाभराच्या हिशोबाची गोष्ट आहे, बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं, उशीर झाला तर बोट जातं. असं कुणाला झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना ‘हाय प्रेशर हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय’ असं स्पष्ट शब्दात सांगायचं, कारण नुसती जखम बघून ते कळत नाही.

गळती शोधायला पुठ्ठ्याचा मोठा तुकडा लांबून धरा, डाग उठेल तिथे जागा सापडेल. मग इंजिन बंद, लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे करून दाब सोडायचा, आणि होज बदलायचा. टेप गुंडाळून काही होत नाही.

प्रश्न : बेचक्याचे आणि गाठींचे ओंडके पाचरीत अडकून बसतात. शेजारचे म्हणतात जास्त टनाचं मशीन घे. दुसरा काही उपाय?

आहे की, आणि मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात आवडतो. ओंडका मशीनवर ठेवायच्या आधी त्याचं तोंड वाचायचं. वाळताना पडलेल्या बारीक भेगा दिसतील, गाभ्यापासून सालीकडे गेलेल्या, लाकडाने स्वतःच सांगून ठेवलेलं असतं की मी इथून सुटायला तयार आहे, पाचर त्या भेगेच्या रेषेत लावा. फांदी जिथून फुटली तिथे गाठ असते, तिथे खोडाच्या रेषा फांदीच्या बुडाला वळसा घालून जातात आणि फांदीच्या स्वतःच्या रेषा आडव्या आत गाभ्यापर्यंत शिरलेल्या असतात, म्हणजे गाठीवर पाचर लावली की तुम्ही नळ्या सोडवत नाही, तोडत बसता. गाठ टाळून, तिच्या बाजूने जा.

मोठा ओंडका असेल तर मधोमध सुरुवात करायचीच नाही. कडेपासून चार बोटांवर पाचर लावा आणि एक फळी सोलून काढा, ओंडका फिरवा, दुसरी काढा, असं करत करत मधला गाठीचा गाभा तेवढा उरतो. तो छोटा झालेला असतो, बहुतेक वेळा मग फुटतो, नाही फुटला तर करवतीने कापा किंवा तसाच बाजूला टाका. सगळंच फोडलं पाहिजे असं कुणी सांगितलंय?

बेचक्याचं असं, की तिथे दोन फांद्यांचे दोन गाभे असतात. दोन फांद्या एकमेकींपासून वेगळ्या करायला जाल तर मधलं सगळं गुंतलेलं लाकूड आडवं येतं. त्याऐवजी पाचर अशी लावा की ती दोन्ही गाभ्यांमधून एकाच रेषेत जाईल, म्हणजे प्रत्येक अर्ध्यात दोन्ही फांद्यांचा अर्धा अर्धा भाग येईल, आणि सुरुवात बुंध्याकडच्या एकेरी टोकाने करा. त्यातूनही काही झाडं मुळातच हट्टी, चिंचेच्या रेषा एकमेकीत अडकलेल्या असतात, खाटकाचा ओंडका चिंचेचा करतात तो उगाच नाही. निलगिरीच्या रेषा पिळलेल्या असतात, ती ओली आहे तोवर फोडून घ्या, वाळल्यावर ती हाडासारखी होते.

चार पात्यांची पाचर अशा लाकडाला लावू नका, ती सरळ लाकडासाठी आहे, एका वेळी चार तुकडे करायचे म्हणजे जोरही तसाच जास्त लागतो. आणि ओंडका पाचरीत अडकलाच तर पिस्टन मागे घ्या, मशीन बंद करा, मग लाकडाची छोटी पाचर त्याच्याखाली सरकवून उचकटा. चालू मशीनवर हाताने ओढू नका आणि लाथ मारू नका. ओंडका आडवा ठेवून फोडायचा प्रयत्न तर कधीच नाही, तो तुटताना जो तुकडा उडतो त्याची दिशा कुणालाच माहीत नसते.

प्रश्न : ट्रॅक्टरला लावायचा स्क्रूसारखा फिरणारा शंकू मिळतो, लाकूड टेकवलं की आत ओढून घेतो आणि फाडतो. फार झटपट काम होतं. कसा आहे?

झटपट होतं हे खरं आहे आणि तरीही मी सांगेन घेऊ नका. तो शंकू लाकूड जसा ओढतो तसाच ग्लोव्ह, सैल बाही, ओढणी, शर्टाचं टोक ओढतो, आणि तुम्ही ओंडका हाताने धरून त्याच्याजवळ उभे असता, ट्रॅक्टर बंद करायचं बटण मात्र तिकडे सीटजवळ. पाचरीचं मशीन लिव्हर सोडली की थांबतं किंवा मागे येतं. हा फिरतच राहतो.

प्रश्न : लाकूड ओलं असताना फोडावं की वाळल्यावर? मशीन तर दोन्ही फोडतं.

ओलं असताना फोडा आणि मग वाळवा, बहुतेक झाडांना हेच लागू पडतं. साल पाणी आत कोंडून ठेवते, अख्खा ओंडका दोन वर्षं पडून राहिला तरी आतून ओलाच निघतो. फोडल्यावर आतलं अंग उघडं पडतं आणि सुकायला वाट मिळते. टोकाकडून, म्हणजे त्या नळ्यांच्या तोंडातून, पाणी बाजूच्या मानाने दहापट वगैरे वेगाने निघतं, म्हणून तुकडे आखूड असतील तर आणखी बरं.

हे एवढं का सांगतोय ते हिशोबात बघा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं. असं एक किलो लाकूड जाळलं तर ते पाणी उकळवून उडवण्यात उष्णता जाते आणि हाती येतात साधारण ८ मेगाज्यूल. तेच लाकूड २० टक्क्यांपर्यंत वाळवलेलं असेल तर एका किलोला १४ च्या आसपास. ओल्याचा धूरही जास्त, आणि धुराड्यात जी काळी चिकट काजळी बसते ती तिथेच पेट घेऊ शकते.

थप्पी जमिनीपासून वर लावा, खाली दोन आडवे वासे टाका, वरून झाका पण बाजू मोकळ्या ठेवा, प्लॅस्टिकने चारही बाजूंनी गुंडाळलं की आत बुरशी धरते. मऊ लाकडाला सहा महिने, कठीण लाकडाला वर्षभर किंवा जास्त धरून चाला. ओलावा मोजायचं मीटर घेतलंत तर थप्पीतला तुकडा काढून तो परत मधून फोडा आणि त्या ताज्या फोडलेल्या अंगाला, रेषेच्या दिशेने टोचा. बाहेरून किंवा टोकाला टोचलं तर आकडा खोटा छान येतो.

प्रश्न : वर्षाला जेमतेम एक गाडी लाकूड लागतं. मशीन घ्यावं का?

नका घेऊ. तीन-साडेतीन किलोचा जाड डोक्याचा घण-कुऱ्हाड, दोन लोखंडी पाचरी, खाली ठेवायला एक बसका ठोकळा आणि डोळ्यावर गॉगल एवढ्यात ते काम होतं, सरळ रेषांचं लाकूड निवडून घेतलं तर मजेत होतं. गाठीचे ओंडके बाजूला साठवत जा आणि वर्षातून एक दिवस मशीन भाड्याने आणा, उघड्यावर चालवा म्हणजे इंजिनचा धूर कोंडणार नाही, कानाला मफ लावा, आणि आणाल त्या दिवशी वर मुलाबद्दल जे लिहिलंय ते घरातल्या सगळ्यांना आधी वाचून दाखवा.